घरात संडास बांधायचा की सार्वजनिकचाच पास काढायचा? रूम १० बाय १२ असेल तर आधी हे वाचा

माझ्या मावसबहिणीने कळव्याला डोंगराच्या बाजूला रूम घेतली आणि पहिल्याच आठवड्यात फोन, ताई मोरी तोडून संडास बसवू का गं, मिस्त्री म्हणतोय दोन दिवसात करून देतो. मिस्त्री काय, काहीही दोन दिवसात करून देतो. मी दिघ्याला राहते, नऊ वर्षं सार्वजनिकला गेले आणि २०१८ पासून घरात आहे, म्हणजे दोन्हीकडचं माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते, अजून कोणाचं हेच चाललं असेल तर उपयोगी पडेल.

आधी सार्वजनिक. पैशाने स्वस्त, आमच्याकडे तेव्हा घरटी महिन्याला साठ रुपये होते. साफसफाई, टाकी भरली तर काय, हे आपल्या डोक्याला नाही. स्वच्छ भारतच्या नियमात बायकांसाठी २५ जणींमागे एक आणि पुरुषांसाठी ३५ जणांमागे एक सीट धरलीये, ऐकायला बरं वाटतं. आमच्या लेडीजला आठ दरवाजे होते, त्यातल्या दोनाला कडी नाही, एकात झाडू आणि फिनाईलचे कॅन, म्हणजे राहिले पाच, आणि सकाळी साडेसहाला लाईन बघा, एका हातात बादली, दुसऱ्या हाताने पोराला धरलेलं आणि मागची ओरडतेय अगं आटप. ते एकवेळ चालतं. रात्रीचं चालत नाही. मी संध्याकाळी सातनंतर पाणीच प्यायचे नाही, आणि हे मी एकटीच नाही करायचे, गल्लीतल्या अर्ध्या बायका करायच्या, कोणी बोलून दाखवायची नाही एवढंच. पाळीच्या दिवसात तर विचारूच नका. घरात म्हातारं माणूस किंवा वयात आलेली मुलगी असेल तर स्वस्त-महाग हा हिशोबच फिरतो.

आता घरातला. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण मोरीतली तीन बाय चार जागा गेली, भांडी आता दारात घासते, आणि स्वयंपाकाचा ओटा तिथून चार फुटांवर, म्हणून सासूबाई पहिले सहा महिने धुसफुसत होत्या. खर्च सगळा धरून अठ्ठावीस हजार आला. अनुदान त्या वेळी १२,००० होतं, ४,००० केंद्राचे आणि ८,००० राज्याचे, दोन हप्त्यात. एक गोष्ट लोकांना माहीत नसते, २०१४ च्या स्वच्छ भारत योजनेत जागा आपल्या नावावर पाहिजे अशी अट नव्हती, अनधिकृत वस्तीलाही लागू होती, त्यामुळे कोणी "तुमची झोपडी अनधिकृत आहे" म्हणून परत पाठवत असेल तर लगेच उठून यायचं नाही. आत्ता किती मिळतं ते वॉर्ड ऑफिसलाच विचारा.

पण हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, पाईप जाणार कुठे?

गल्लीत ड्रेनेजची लाईन आणि चेंबर असेल तर डोळे झाकून बांधा. चार इंची पाईप, पाच फुटाला एक इंच उतार, वास जायला वर छपराबाहेर व्हेंट पाईप, आणि बादलीभर पाणी टाकायचंच, पाणी वाचवायला गेलात तर मैला पाईपातच सुकतो आणि मग शेजाऱ्यांशी भांडणं.

लाईन नसेल तर मिस्त्री म्हणतो सेफ्टी टँक टाकू (म्हणजे सेप्टिक टँक, सगळे सेफ्टीच म्हणतात, त्यात सेफ्टी काही नसते). टाकीतून वरचं पाणी बाहेर पडतं ते घाणच असतं, ते मुरायला शोषखड्डा लागतो, आणि आमच्या पारसिकच्या डोंगरात खाली काळा दगड, मुरणार कुठे, सरळ गटारात. शिवाय दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते, आणि पन्नास पायऱ्या चढून टँकर येत नाही. मग कोणीतरी माणूस आत उतरवतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या गॅसने माणूस मिनिटात जातो, म्हणून तो विषय माझ्याकडे बंद. टाकी उपसायची असेल तर १४४२० हेल्पलाईनला फोन करायचा. गावाकडे दोन खड्ड्यांचा संडास झकास चालतो, एक भरला की पाईप दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्याचं दीड-दोन वर्षांनी खत होतं, पण त्याला अंगण लागतं. इथे अंगण म्हणजे शेजाऱ्याचं छप्पर.

तिसरं म्हणजे चार घरांनी मिळून एक संडास. कागदावर छान. आमच्या मागच्या गल्लीत केलेला, आता त्याला कुलूप आहे आणि चारही घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

तर बहिणीकडे गेले रविवारी. शेजारीण म्हणाली आमचा लाईनलाच जोडलाय, मिस्त्रीने सांगितलंय. म्हटलं बघूया. बादलीत मूठभर हळद कालवून तिच्या संडासाच्या भांड्यात ओतली, बहिणीच्या पोराला खाली उभं केलं. चेंबरमध्ये काहीच नाही. पाच मिनिटांनी पोरगं नाल्याकडून ओरडलं, मावशी इथे पिवळं आलं! शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं, बिचारीने पस्तीस हजार दिलेले.

बहिणीने मिस्त्रीला नको म्हणून सांगितलंय. सध्या पासच काढलाय, दाराला कडी आणि आत बल्ब या दोन गोष्टींसाठी बायकांच्या सह्या घेतेय, आणि लाईनसाठी चाळ कमिटीचा अर्ज गेलाय. लाईन आली की मोरी तोडायची. टाईल्स मात्र तिने आत्ताच बघून ठेवल्यात, फिकट हिरव्या.