टिळकवाडीतलं को-वर्किंग: पाच महिने बसल्यावर लिहितोय

जागेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे. ऑफिस पुण्यात, मी बेळगावच्या वडगावात. २०२० च्या लॉकडाऊनमधे बॅग घेऊन घरी आलो तो आलोच. आमच्या शेजारी माग आहेत, दिवसभर खटक खटक, कॉलवर मॅनेजर म्हणायचे "बेळगावात पाऊस जोरात दिसतोय", ते पण एप्रिलमधे. लाइट गेली की माग थांबतात आणि मस्त शांत होतं, पण तेव्हा वायफाय पण गेलेलं असतं. त्यात आईच्या हिशोबात घरी बसलेला म्हणजे रिकामा, भर मीटिंगमधे "गॅसवाला आलाय, सिलेंडर आत घे की जरा".

शेवटी महिना ४५०० भरून इथं, या सगळ्यांच्या सामायिक ऑफिसात, टेबल घेतलं. नेट झकास, जनरेटर आहे, खुर्ची ठीकठाक. काम भराभर उरकतं हे आहेच, पण मला आवडलं ते म्हणजे रात्री ८ ला मालक येऊन दिवे बंद करायला लागतात, "चला सर, कुलूप लावायचंय". घरी लॅपटॉप ११ पर्यंत उघडाच असायचा, जेवताना पण.

डबा दीडला. हुबळीचा एकजण रोज "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारतो, पहिला महिना बोलणं तेवढंच, आता त्याची शेंगा चटणी माझ्या डब्यात आणि आईचं पिठलं त्याच्या. पुण्यातल्या टीममधे कुणाचं लग्न झालं ते मात्र मला ग्रुपवरच्या फोटोतून कळतं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ६१ हजार लोकांवर केलेला अभ्यास २०२१ ला आला होता, त्यात पण हेच की घरून काम सुरू झाल्यावर लोक आपापल्या गटातच बोलायला लागले. त्यावर इथल्या टेबलाचा काही उपाय नाही.

आता कंपनी म्हणते आठवड्यात तीन दिवस पुण्यात या. मी मॅनेजरना ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास-बुकिंग कंपनीतला अभ्यास पाठवला, १,६१२ लोक, दोन दिवस घरून काम, नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि प्रमोशनला धक्का नाही. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. (तीन दिवस ऑफिस त्यात पण होतंच म्हणा, पण बेळगाव-पुणे रस्ता त्यात नव्हता.)

तक्रार फोन बूथची. एवढ्या लोकांत एकच, आत पंखा नाही, वीस मिनिटांच्या कॉलनंतर शर्ट पिळून घ्यावा लागतो. त्यामुळं सगळे बाहेरच बोलतात, एक विमावाले साहेब तर मागापेक्षा मोठ्यानं. मालकांना तीनदा सांगितलं, गणपतीच्या आत पंखा बसवतो म्हणालेत. ५ पैकी साडेतीन, पंखा बसला तर चार.