मुलांच्या डाएटिशियनचं सहा महिन्यांचं पॅकेज: आमचा अनुभव (लांबलंय, सॉरी)

आधीच सांगते, दोन जागांबद्दल लिहितेय आणि दोन्हींची नावं टाकत नाहीये. पहिल्या जागेबद्दल चांगलं काही लिहिण्यासारखं नाही, आणि दुसऱ्या मॅडमकडे आत्ताच तीन तीन आठवडे नंबर लागत नाही.

आम्ही डोंबिवलीकर, दोघंही लोकलने मुंबईला नोकरीला, घरी सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो) आणि चिरंजीव. चिरंजीव नऊ वर्षांचे, उंची १३२ सेंमी, वजन साडेएकोणचाळीस किलो. सोसायटीत पोरांनी 'बटाटेवडा' नाव पाडलं होतं आणि आम्ही 'खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की होईल बारीक' म्हणत तीन वर्षं काढली. मग मानेवर काळी पट्टी दिसायला लागली. मला वाटलं मळ. दर रविवारी उटणं, डाळीचं पीठ, काय काय लावून घासून पोराची मान लाल केली, पट्टी जागच्या जागी. तापासाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनीच मान बघून सांगितलं की बाई घासू नका, शरीरात इन्सुलिन जास्त व्हायला लागलं की तिथली कातडी अशी जाड आणि काळी होते. काखेतही होती, आम्ही बघितलीच नव्हती.

मी लगेच, थायरॉइड असेल का हो? तर म्हणाले थायरॉइडमुळे वजन वाढलेलं मूल बहुतेक वेळा उंचीत मागे पडतं, हा तर वर्गात शेवटच्या बाकावर बसत असेल (बसतोच). तरी रक्त तपासलं. थायरॉइड नॉर्मल, शुगर नॉर्मल, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) मात्र थोडं वर, म्हणजे लिव्हरवर चरबीची शंका. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, निघाला २२.७ आणि मी मनात म्हटलं हा तर छानच की, माझा २६ आहे. पण मुलांचा नुसता आकडा बघायचा नसतो, वयाप्रमाणे बघायचं असतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे तक्ते आहेत, त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा असतात, खालची ओलांडली की ओव्हरवेट, वरची ओलांडली की ओबेसिटी. आमचा ठिपका वरच्या रेषेच्याही वर.

आता पहिली जागा. स्टेशनजवळचं वजन कमी करायचं सेंटर, काचेचा दरवाजा, भिंतीवर बिफोर-आफ्टर फोटो. नऊ वर्षांच्या पोराला १२०० कॅलरीचा चार्ट आणि रात्रीच्या जेवणाऐवजी व्हॅनिला शेक, डबा वेगळे पैसे देऊन त्यांच्याकडूनच घ्यायचा. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०२० च्या तक्त्यात ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी दिल्यात, हे मला नंतर कळलं. दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन, आणि तिथली मुलगी मोठ्याने ओरडून आकडा सांगणार. पाचव्या आठवड्यात दप्तर धुवायला काढलं तर कंपासपेटीत बिस्किटांचा चुरा आणि भूगोलाच्या वहीत चिक्कीचे कागद. मी त्याला काही बोलले नाही, रात्री स्वतःच रडले, आणि परत तिकडे गेलो नाही. पैसे परत मिळाले नाहीत हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या मॅडम ठाण्याला बसतात, एका दवाखान्याच्या वर छोटी खोली, बालरोगतज्ज्ञांनीच चिठ्ठी दिली होती. पहिल्या भेटीत त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, शाळेतून आल्यावर चार ते सात हा काय काय खातो? आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, आम्ही घरी येतो साडेआठनंतर, आम्हाला काय माहिती! मॅडम म्हणाल्या, मग ज्यांना माहिती आहे त्यांना आणा. भेट संपली. फी गेली. चिडचिड झाली होती खरी.

दुसऱ्या वेळी आई आल्या आणि त्यांनी न लाजता सगळं सांगितलं. घरी आल्या आल्या दूध, त्यात चॉकलेट पावडर दोन चमचे आणि वर एक साखर कारण 'नुसती पावडर कडू लागते', बरोबर चार बिस्किटं. पाचला क्लासला जाताना तूप-साखरेची पोळी. क्लासवरून येताना आंब्याचं ड्रिंक नाहीतर वडापाव. सातला 'जेवायला अजून वेळ आहे' म्हणून मॅगी किंवा फरसाण, आणि साडेनऊला आमच्याबरोबर जेवण. आणि सकाळी? सकाळी त्याला भूकच नसते. मॅडमनी तो आंब्याच्या ड्रिंकचा डबा चिरंजीवांनाच वाचायला दिला, १०० मिलीला १३ ग्रॅम साखर, डबा २०० मिलीचा, मग किती? २६. आणि तुला दिवसभरात वरून घातलेली साखर सगळी धरून २५ ग्रॅमच्या आत राहायचंय. पोरगं गणितात बरं आहे, तोंड एवढंसं झालं.

आईंचा एकच मुद्दा, अहो पण पावडरच्या डब्यावर हेल्थ लिहिलंय! मॅडम म्हणाल्या, आजी, एप्रिल २०२४ मध्ये सरकारनेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा. आईंना ते फारसं पटलं नाही पण सरकार म्हटल्यावर गप्प बसल्या.

बदल काय सांगितला तर, आजी, तुमच्या हातचं काही बंद नाही, फक्त चारला खाऊ द्यायचा नाही, जेवण द्यायचं. म्हणजे भाकरी-उसळ, पोळी-भाजी, थालीपीठ-दही, मुगाची धिरडी, जे असेल ते ताटात, टीव्ही बंद करून. पाचला पेरू किंवा मूठभर चणे-शेंगदाणे. साडेसातला आजीबरोबर रात्रीचं जेवण, भाजी-आमटी जास्त, भात बेताचा. मग सकाळी भूक आपोआप लागते, आणि खरंच लागली, तिसऱ्या आठवड्यात चिरंजीव स्वतः उठून पोहे मागायला लागले. काय आणि कधी हे मोठ्यांनी ठरवायचं, किती हे त्याने, 'अजून एक घास' बंद. हे आईंना सगळ्यात जड गेलं. तेल दर माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे आम्हा चौघांना दोन, आधी साडेतीन लागायचं. घरात 'जाड' आणि 'डाएट' हे दोन शब्द बंद, माझ्याबद्दलसुद्धा. गणपतीत मोदकांचं विचारलं तर म्हणाल्या उकडीचे दोन खाऊ दे, डब्यात भरून आठवडाभर पुरवू नका.

साडेसातच्या जेवणामुळे आता रोज त्याच्याबरोबर जेवायला मिळत नाही, फक्त शनिवार-रविवार, हे मला अजूनही खटकतं. नवरा म्हणतो सवय होईल. मला नाही झाली.

सहा महिन्यांचा निकाल: वजन ४० किलो. हो, अर्धा किलो वाढलंच! नातेवाईकांनी त्यावरून पुरेसं ऐकवलंय. पण उंची १३५ झाली, बीएमआय २२.७ वरून २१.९, आणि मॅडमनी पहिल्यापासून हेच सांगितलं होतं की वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नाही, जमेल तितकं धरून ठेवायचं, उंचीला पुढे जाऊ द्यायचं. एसजीपीटी नॉर्मलमध्ये आलं.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट अकराची, आत घेतात पावणेबाराला, बाहेर बाकडं एकच. चार्टची पीडीएफ इंग्रजीत, वर त्यात ब्रोकोली आणि ॲव्होकाडो, अहो डोंबिवलीच्या मार्केटमध्ये गवार-दोडका घेणारी माणसं आम्ही, आणि ज्यांनी तो चार्ट पाळायचा त्या आजीला इंग्रजी येत नाही. तीनदा मागितल्यावर मराठीत मिळाला. रोज सकाळी 'पाणी प्यायलात का' असा तयार मेसेज येतो तो मी म्यूट केलाय. आणि शाळेबाहेरच्या गाडीचं त्यांच्याकडेही उत्तर नाही, २०२० चा नियम आहे की गेटपासून ५० मीटरच्या आत असले जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, आमच्या शाळेची गाडी गेटपासून पंधरा पावलांवर आहे, मी मोजलीत.

पॅकेज सहा हजारांचं, शेक नाही, पावडर नाही, कसला डबा विकत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार. मान थोडी फिकट झालीये पण काळी आहेच अजून, तिला वेळ लागतो म्हणाल्या मॅडम, आणि आई परवा उटण्याची वाटी घेऊन बाथरूमकडे निघालेल्या मी दारातच पकडल्या.