कलम १०६ की ठरावीक आकारणी?

इंग्लंडमध्ये बिल्डरकडून लोकांसाठी काही मिळवायचे तर स्थानिक कौन्सिलपुढे दोन वाटा असतात.

पहिली, १९९० च्या नगररचना कायद्यातले कलम १०६. प्रत्येक प्रकल्पावर वेगळी घासाघीस: परवडणारी घरे किती, शाळेला पैसे किती. बिल्डर ताळेबंद मांडतो आणि म्हणतो, एवढी घरे दिली तर परवडत नाही. सरकारी मार्गदर्शनातच १५ ते २० टक्के नफा रास्त धरलेला, मग कात्री लागते ती घरांनाच. शिवाय केंद्र सरकारला घरबांधणीही झपाट्याने हवी; २०१३ मध्ये त्याने परवडणाऱ्या घरांच्या झालेल्या करारांवर फेरविचाराची सोयच करून दिली, ती २०१६ पर्यंत चालली. कौन्सिलने ताणायचे तरी किती?

दुसरी म्हणजे २०१० पासूनची पायाभूत सुविधा आकारणी. चौरस मीटरमागे ठरलेला दर, घासाघीस नाही. हिशेब स्वच्छ, पण या पैशातून परवडणारी घरे बांधता येत नाहीत. (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डर भरतो त्या आपल्याकडच्या एफएसआय प्रीमियमची आठवण येते.)

रस्ते-शाळांसाठी मी आकारणीच निवडेन. घरे हवी असतील तर मात्र कलम १०६ च, आणि कौन्सिलकडे बिल्डरचे आकडे उलटेपालटे करून पाहणारा स्वतःचा हिशेबनीस हवा.