विमान कंपनी बुडाली तर तिकिटाचे पैसे कुठून परत येतात? क्रेडिट कार्ड, यूपीआय, एजंट आणि पॅकेज टूर

2 मे 2023 रोजी गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऐन सुट्टीच्या हंगामात दुसऱ्या दिवसापासून तिची विमानं उडायची थांबली. आधी तीन दिवसांची उड्डाणं रद्द झाली, मग तारीख पुढे पुढे ढकलत गेली. जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश निघाला. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. तिच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर 2024 मध्ये.

मधल्या साडेपाच वर्षांत तिकिटाच्या पैशांचं काय होतं, हे समजून घ्यायला हवं. कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की वसुलीला स्थगिती लागते. दावा ठरावीक नमुन्यात भरून द्यायचा आणि रांगेत उभं राहायचं. अवसायनात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. तारण नसलेला प्रवासी त्यानंतरच्या ‘उरलेल्या देण्यांत’ येतो. तिथवर पैसा पोचेल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

म्हणून पैसे कोणत्या वाटेने दिले, हे तिकीट स्वस्त मिळालं की महाग यापेक्षा महत्त्वाचं आहे.

आमच्या घरातच हे दिसलं. बंद पडलेल्या एका कंपनीची चार तिकिटं मामेभावाने काढली होती, एकाच विमानाची. कार्डाची मर्यादा संपली म्हणून दोन कार्डावर, दोन यूपीआयने. विमानं बंद झाल्यावरही ॲपवर चारही तिकिटांपुढे हिरव्या अक्षरात ‘कन्फर्म्ड’ दिसत होतं. त्याने बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून डिस्प्यूट (कार्डाच्या व्यवहाराविरुद्धची तक्रार) टाकला, सोबत तिकीट आणि रद्द झाल्याचा ईमेल जोडला. सात आठवड्यांनी कार्डावरच्या दोन तिकिटांचे पैसे आले. यूपीआयने काढलेल्या दोन तिकिटांसाठी त्याच्याकडे दाव्याची पोचपावती आहे, एवढंच.

क्रेडिट कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मिळवणं, बँकांमधल्या कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड) नियमांनी चालतो, विमान कंपनीच्या मर्जीवर नाही. डेबिट कार्डालाही ही सोय असते, पण तिथे निकाल लागेपर्यंत आपल्याच खात्यातले पैसे अडकून राहतात. यूपीआयची तक्रारयंत्रणा मुख्यतः फसलेल्या किंवा चुकीच्या व्यवहारांसाठी वापरली जाते. सेवाच मिळाली नाही म्हणून पैसे परत आणायची वाट तिथे तितकी मळलेली नाही. हजार-दोन हजारांच्या तिकिटाला चालेल, पण चौघांच्या परदेशी तिकिटांना मी यूपीआय वापरणार नाही.

एजंटाचा फायदा वेगळा आहे. फोन उचलणारं, दुसऱ्या विमानात जागा शोधून देणारं माणूस मिळतं. पण अनेक स्वस्त कंपन्यांकडे एजंटांनी आगाऊ रक्कम भरून ठेवलेली असते, म्हणजे कंपनी बुडाली की तोही आपल्यासारखाच अडकतो. त्याला रोख दिली असेल तर चार्जबॅकचा मार्गही संपला.

पॅकेज टूर घेतली तर करार टूर कंपनीशी असतो, त्यामुळे पर्यायी विमानाची मागणी तिच्याकडेच करायची आणि गरज पडली तर ग्राहक आयोगात जायचं. ब्रिटनसारखं कवच मात्र आपल्याकडे नाही. 23 सप्टेंबर 2019 ला तिथली थॉमस कुक बुडाली तेव्हा सरकारने सुमारे दीड लाख लोकांना घरी आणलं, आणि ॲटॉल या तिथल्या प्रवासी-संरक्षण योजनेतल्या पॅकेजचे पैसे परत मिळाले. (भारतातली थॉमस कुक ही वेगळी कंपनी, ती सुरूच राहिली.) लंडनहून पुण्याला येणाऱ्या नातेवाइकांना हेही सांगा: तिथे 100 ते 30,000 पौंडांच्या खरेदीला 1974 च्या ग्राहक पतकायद्याच्या 75 व्या कलमाने क्रेडिट कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते.

प्रवास विम्यावर विसंबणार असाल तर विमान कंपनीची दिवाळखोरी पॉलिसीत स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे का, हे आधी बघा.

माझा कौल क्रेडिट कार्डाला. मदतीला माणूस हवं असेल तर एजंटाकडून काढा, पण पैसे कार्डानेच द्या. कंपनी बंद झाल्याची बातमी आली की स्वतःहून ‘कॅन्सल’ दाबू नका. आपण रद्द केलं अशी नोंद झाली तर डिस्प्यूट कमकुवत होतो. रद्द झाल्याचा संदेश, तिकीट आणि कार्डाचं स्टेटमेंट जपून ठेवा. व्हिसा-मास्टरकार्डच्या तक्रारीला साधारण 120 दिवसांची मुदत असते, तरी बँकेला त्याच आठवड्यात लेखी कळवा.