उद्दिष्ट किती, गाठले किती : युरोपच्या पर्यावरण-निर्देशकांची सेवा

नागपूरच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवताना कोपनहेगन येथील युरोपियन एन्व्हायर्नमेंट एजन्सीचे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे नियमितपणे वापरत आलो आहे. त्यासाठी शुल्क पडत नाही आणि बहुतेक आलेखांमागचे आकडे उतरवून घेता येतात. तेव्हा हा अभिप्राय एका फुकट, पण गंभीर सेवेविषयीचा आहे.

१९९४ पासून कार्यरत असलेली ही संस्था ३२ सदस्य देशांकडून आलेली माहिती एकत्र करते, दर पाच वर्षांनी पर्यावरणाच्या स्थितीचा मोठा अहवाल काढते आणि मधल्या काळात एकेका निर्देशकाची, म्हणजे पर्यावरणाची स्थिती दाखवणाऱ्या एकेका मोजमापाची, पाने अद्ययावत करीत राहते. अहवालात प्रत्येक विषयाला तीन प्रश्न विचारलेले असतात : मागच्या दहा-पंधरा वर्षांत कल कोणत्या दिशेने गेला, पुढे काय संभवते, आणि कायद्याने किंवा धोरणाने ठरवलेले उद्दिष्ट मुदतीत गाठले जाईल का. माझ्या मते या सेवेचे सारे मोल तिसऱ्या प्रश्नात आहे. उतरता आलेख पाहून समाधान मानणे सोपे असते. तो पुरेशा वेगाने उतरतो आहे का, हे सांगायला मात्र उद्दिष्टाची रेघ शेजारी लागते.

वर्गात मी हवेचे उदाहरण घेतो. पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांमुळे होणारे अकाली मृत्यू २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ५५ टक्क्यांनी कमी करायचे, हे युरोपीय संघाचे उद्दिष्ट आहे. २०२२ पर्यंत हे मृत्यू ४५ टक्क्यांनी घटले होते. पंचवीस वर्षांपैकी सतरा वर्षे सरली असताना सरळ रेषेच्या हिशेबाने सुमारे ३७ टक्के घट पुरेशी होती, म्हणजे येथे युरोप वेळापत्रकाच्या पुढे होता. हा हिशेब मुलांनी फळ्यावर स्वतः करायचा असतो आणि तो दहा मिनिटांत होतो. त्यानंतर मी पाण्याचे पान उघडतो. नद्या, तलाव आणि किनारी पाणी २०१५ पर्यंत चांगल्या स्थितीत आणण्याचे ठरले होते, ती मुदत पुढे २०२७ पर्यंत लांबली, आणि २०२१ च्या आकडेवारीनुसार पृष्ठजलापैकी केवळ ३७ टक्के साठे पर्यावरणीयदृष्ट्या चांगल्या किंवा त्याहून वरच्या स्थितीत होते. स्वतःच्याच सदस्य सरकारांविषयी ‘बहुतांशी मार्गावर नाही’ असा शेरा छापणारी सरकारी संस्था विद्यार्थ्यांना नवीन वाटते. २०२० च्या अहवालात तर निसर्गरक्षणाच्या १३ ठरावीक उद्दिष्टांपैकी दोनच गाठली जातील, असे सरळ लिहिलेले होते.

त्रुटीही आहेत. पहिली म्हणजे विलंब : २०२२ सालच्या प्रदूषित हवेमुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज डिसेंबर २०२४ मध्ये आला. दुसरी अधिक खोल आहे. हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०२३ मध्ये ३७ टक्क्यांनी खाली आले, हा आकडा खरा आहे. परंतु तो युरोपच्या भूमीवरील उत्सर्जनाचा आहे, आणि बाहेरून आयात झालेल्या मालासाठी जो धूर दुसरीकडे निघाला तो त्यात येत नाही. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राची धुराडी ज्यांना रोज दिसतात त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. संस्था उपभोगाच्या पदचिन्हाचा, म्हणजे आयात मालाचाही भार धरणारा, निर्देशक वेगळा देते, हे मान्य. पण तो मुख्य आकड्याच्या शेजारी हवा होता, शोधून काढावा लागू नये.

तुलना करतानाही सावध राहावे लागते. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती २५ होती आणि नव्या निर्देशानुसार २०३० पासून १० होईल. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमचे शहर आपल्या मानकात बसते आणि त्यांच्या मानकात नापास होते. दोन्हीकडचे रंगीत नकाशे शेजारी ठेवण्यापूर्वी हे तपासले नाही, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

एक व्यावहारिक सूचना : अहवालातील सारांश-तक्ते रंगीतच छापून घ्यावेत. शंकरनगरच्या दुकानातून मी पैसे वाचवण्यासाठी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या आणि ‘सुधारणा’, ‘संमिश्र’ व ‘ऱ्हास’ या तिन्ही रंगांचा एकच करडा झाला. पुढचा तास त्या प्रतींवर हिरवी-लाल स्केचपेने फिरवण्यात गेला.

पाचपैकी चार तारे. गेल्या सत्रात एका स्थानिक संस्थेच्या वार्षिक पर्यावरण अहवालातले आकडे मी विद्यार्थ्यांना याच तीन प्रश्नांच्या तीन स्तंभांत भरायला दिले होते. मागचा कल बऱ्याच जणांनी भरला, पुढचा अंदाज काहींनी अंदाजानेच लिहिला. तिसरा स्तंभ मात्र सगळ्यांचा कोरा होता, कारण त्या अहवालात एकाही आकड्यासमोर ना उद्दिष्ट दिलेले होते, ना मुदत.