फ्रंट साइट ४ की ५ मिलिमीटर? आठ महिने वापरून

माझ्या एअर पिस्तुलाबरोबर फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमखुणेची, तीन पाती आली होती: ४.०, ४.५ आणि ५.० मिलिमीटर रुंदीची. पातं जितकं बारीक तितका नेम बारीक, असा सरळ हिशोब करून मी ४.० बसवलं आणि पहिले तीन महिने त्यावरच काढले.

सुरुवातीच्या वीसेक शॉट्सना काही जाणवायचं नाही. साठ शॉट्सच्या सामन्यात चाळिशी ओलांडली की मात्र नजर आपोआप पुढे पळायची. टार्गेटवरचा काळा गोल स्वच्छ, पातं धूसर. ट्रिगर सुटल्यावर खात्रीने वाटायचं की दहा लागला, आणि स्क्रीनवर डावीकडचा आठ. मी दोष ट्रिगरच्या बोटाला देत राहिलो. त्या बिचाऱ्याने भरपूर ड्राय फायरिंग (गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव) सोसलं.

शेवटी एका मित्राला टेप धरायला लावून मापं घेतली. हात लांब केल्यावर माझ्या डोळ्यापासून रिअर साइट (मागची, खाच असलेली नेमखूण) ६५ सेंटिमीटरवर, फ्रंट साइट ९८ वर. दहा मीटरवरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो. तो हिशोबात एक मीटरच्या अंतरावर, म्हणजे पात्याच्या जवळपास, आणून पाहिला तर जेमतेम ६ मिलिमीटर भरतो. त्याच्यापुढे ४.० चं पातं म्हणजे काडीच. पण खरी गोम वेगळीच निघाली. रिअर साइटची खाच ४.० मिलिमीटरवर होती. लांबचं पातं त्या खाचेत २.६५ मिलिमीटरएवढंच दिसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी ०.६७ मिलिमीटरच्या आसपास उजेडाची फट. एवढ्या ऐसपैस जागेत पातं थोडं सरकलं तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. आणि ते सरकणं महाग पडतं: दोन साइट्समधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरलं, तर खाचेतली ०.१ मिलिमीटरची चूक टार्गेटवर ३ मिलिमीटर होते. एक रिंग, म्हणजे एका गुणाचा पट्टा, ८ मिलिमीटरची. हाताचा डुलणारा होल्ड (नेमावर पिस्तूल धरून ठेवणं) टार्गेटवर ३ मिलिमीटर हलला तर नुकसान ३ मिलिमीटरचंच. दोन साइट्सची एकमेकींशी जुळणी बिघडली तर ती चूक टार्गेटवर तीसपट होते.

मग उत्साहाने थेट ५.० बसवलं, खाच तशीच ठेवून. फटी निम्म्यावर आल्या. भरपूर उजेडात मस्त. मंद दिव्यांच्या हॉलमध्ये मात्र एक फट बुजल्यासारखी व्हायची, आणि दोन्ही सारख्या करण्याच्या नादात मी शॉट इतका वेळ धरून ठेवायचो की हात थरथरायला लागायचा. हेही चूकच होतं, फक्त उलट्या बाजूने.

खाच ४.४ पर्यंत उघडली तेव्हा गाडी रुळावर आली. पातं आता खाचेत साधारण ३.३ दिसतं, फट प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. रुंद पात्याचा एक फायदा मला कुणी सांगितला नव्हता: वरची सपाट कड लांब असल्यामुळे पिस्तूल कललं की लगेच दिसतं, आणि उंचीची चूकही. मी गोलाच्या खाली पांढऱ्यात नेम धरतो, त्यामुळे ही कडच माझा मुख्य आधार आहे. शिवाय पातं जाड दिसलं की नजर त्याच्यावर टिकते.

मधे दोन आठवडे ४.५ ही वापरलं. तक्रार नाही, प्रेमही नाही.

एक फसगत सांगायलाच हवी. ५.० लावल्यावर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉट्सचा पुंजका, खाली गेला. मी होल्ड बिघडला समजून आठवडाभर स्वतःशी भांडलो. व्हर्निअरने मोजलं तर नवं पातं ०.२ मिलिमीटर उंच होतं. फ्रंट साइट उंच झाली की गोळी खाली जाते, आणि इथे सुमारे ६ मिलिमीटर. एकाच संचातल्या पात्यांची उंची सारखी ठेवणं बनवणाऱ्याला अवघड नसावं. पातं बदललं की आधी उंची मोजा, मगच साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे क्लिक फिरवा.

पाचव्या महिन्यात चष्म्याचा नेमबाजीचा नंबरही बदलला, त्यामुळे सुधारणेचं सगळं श्रेय पात्याला देणं प्रामाणिकपणाचं नाही. तरी शेवटच्या वीस शॉट्समधले आठ गुणांचे शॉट्स कमी झाले ते चष्म्याआधीच.

माझे ५.० आणि ४.४ हे आकडे उचलून लावू नका. हात लांब असेल तर तेच पातं बारीक दिसेल, पिस्तूल आखूड असेल तर जाड. तपासायचंच तर टार्गेट काढून कोऱ्या पांढऱ्या कार्डावर तीस-चाळीस शॉट्स मारा, आणि फक्त फटींकडे बघा. ज्या जोडीत त्या सारख्या आहेत की नाहीत हे न शोधता कळतं, ती ठेवा. आणि हे नेहमीच्या हॉलपेक्षा अंधाऱ्या जागीही करून पाहा, कारण सामना कुठल्या उजेडात होईल ते आपल्या हातात नसतं.

२५ मीटरचं गणित वेगळं. प्रिसिजनचा (सावकाश, अचूक नेमाच्या फेरीचा) काळा गोल तिथे २०० मिलिमीटरचा, म्हणजे एक मीटरवर आणला तर ८ भरतो. त्या पिस्तुलाची खाच मी अजून उघडलेली नाही.