फ्रॅक्टल डिझाइन डिफाइन ७ एक्सएल: डिस्क जास्त असतील तरच

कंप्युटरसाठी मोठं कॅबिनेट घेऊ का, असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, हार्ड डिस्क किती आहेत? ग्राफिक्स कार्ड दांडगं आहे म्हणून फुल टॉवर (सगळ्यात मोठ्या आकाराचं कॅबिनेट) घ्यायचा, हे मला पटत नाही. आजची बहुतेक मोठी कार्डं ३६० मिलिमीटरच्या आत संपतात आणि चांगल्या मिड टॉवरमध्ये, म्हणजे मधल्या आकाराच्या कॅबिनेटमध्ये, बसतात. मोठ्या कॅबिनेटची खरी गरज पडते ती डिस्कचा ढीग असेल, मदरबोर्ड नेहमीपेक्षा रुंद असेल किंवा मशीन वारंवार उघडावं लागत असेल तेव्हा.

माझं काम व्हिडिओ आणि आवाजाचं. मूळ चित्रीकरण मी कधीच पुसत नाही, त्यामुळे आठ मोठ्या डिस्क कायम फिरत असतात. आणि त्याच खोलीत, त्याच टेबलावर माइक सुरू असतो. डिस्कना हवा खेळती लागते, माइकला शांतता. बाजारातली बरीच मोठी कॅबिनेट आता पुढून पूर्ण जाळीची असतात. हवेसाठी ती उत्तम, पण आतला सगळा आवाज त्याच जाळीतून बाहेर येतो. म्हणून मी स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचं डिफाइन ७ एक्सएल निवडलं. पुढे आवाज शोषणाऱ्या थराचं दार, दोन्ही बाजूंना काचेऐवजी पत्रा, त्यालाही आतून तोच थर. काचेचा पर्यायही मिळतो, पण माझ्या कामात आतले दिवे बघायला वेळ कुणाला आहे?

आकार आधी नीट समजून घ्या. खोली साधारण ६० सेंटिमीटर, उंची ५७ च्या आसपास, रुंदी २४. रिकामंच सोळा किलोच्या वर. मोठ्या डिस्कचं वजन पाऊण किलोच्या जवळ जातं. आठ डिस्क, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कार्ड आणि कूलर धरले तर भरलेलं मशीन पंचवीस किलोच्या पुढे सहज जातं. त्यामुळे ते जिथे ठेवायचं आहे तिथेच उभं करा आणि डिस्क सगळ्यात शेवटी भरा. टेबलाखालची जागा मोजताना पुढचं दार उघडायला आणि मागच्या केबलना वळायलाही जागा सोडा. दार डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही बाजूने उघडेल असं लावता येतं, ही फार कामाची सोय आहे.

निवडताना लोक लांबी बघतात, रुंदी विसरतात. नव्या ग्राफिक्स कार्डांची सोळा पिनांची पॉवर केबल कनेक्टरपासून पहिल्या ३५ मिलिमीटरपर्यंत सरळ राहावी, वाकवायची असेल तर त्यापुढे वाकवावी, असं सांगितलं जातं. कार्डाची उंची, त्यावर कनेक्टर आणि त्यावर ही मोकळी जागा, एवढं सगळं बाजूच्या झाकणाच्या आत मावलं पाहिजे. अरुंद कॅबिनेटमध्ये झाकण केबल दाबतं आणि कनेक्टर तिरका होतो. इथे २४ सेंटिमीटर रुंदीमुळे ती चिंता मिटली. मदरबोर्डचंही असंच. साधा एटीएक्स (मदरबोर्डचा प्रमाण आकार) ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो, पण ई-एटीएक्स या नावाखाली २७० पासून ३३० मिलिमीटर रुंदीपर्यंतचे बोर्ड विकले जातात. नावावर जाऊ नका, बोर्डाच्या माहितीतली मापं बघा. सर्व्हरचा एसएसआय-ईईबी बोर्ड असेल तर त्याची स्क्रूची भोकंही काही ठिकाणी वेगळी असतात. या कॅबिनेटमध्ये तोही बसतो.

आता जुळणी. बाजूची पॅनल मागच्या कडेला बोट घालून ओढली की सुटतात, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. वरचं झाकण तसंच निघतं आणि त्याखालची पंख्यांची चौकटही काढून ठेवता येते. मग मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात वरून थेट दोन्ही हात जातात. प्रोसेसरची आठ पिनांची केबल लावताना मोठ्या एअर कूलरच्या मागे बोटं कोंबून कनेक्टरची चाप चाचपत बसायची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना या सोयीचं मोल सांगायला नको. मात्र ती केबल खालच्या एसएमपीएसपासून मदरबोर्डच्या मागून फिरून वर यायची आहे. ७० सेंटिमीटरची केबल असेल तर काळजी नाही. त्याहून आखूड असेल तर एसएमपीएस घेण्याआधी केबलच्या लांबीचा तक्ता बघा.

आतली मांडणी दोन प्रकारे करता येते. एकीत पुढचा भाग मोकळा, तिथे पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेचा ४८० मिलिमीटरचा रेडिएटर आणि अर्ध्या मीटरहून लांब कार्डसुद्धा मावतं. दुसरीत आतली उभी प्लेट सरकवून पुढच्या पंख्यांमागे डिस्कचा उभा रकाना तयार होतो. मी अर्थातच दुसरी निवडली.

डिस्क बसवताना घाई करू नये. प्रत्येक डिस्क पत्र्याच्या ट्रेवर खालून चार स्क्रूंनी बसते आणि प्रत्येक स्क्रूभोवती रबराची कडी असते. रबर भोकात नीट बसलंय का ते बोटाने फिरवून बघायचं, मग चारही स्क्रू आधी सैल लावायचे आणि नंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने आवळायचे. स्क्रू टेकला की थांबायचं. जास्त पिळलं तर रबर चपटं होतं, आणि मग ते असून नसल्यासारखं. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. ती थरथर पत्र्यात उतरली की कॅबिनेट गुणगुणू लागतं, आणि दोन डिस्कच्या वेगात किंचित फरक असला की ती गुणगुण लाटेसारखी चढते-उतरते. माइकवर पंख्याचा आवाज साफ करता येतो, ही चढ-उतार काढणं मात्र जिकिरीचं असतं. रबर नीट बसवलेल्या या रकान्यात पत्र्याला हात लावला तर थरथर जेमतेम कळते. दार बंद असताना रेकॉर्डिंगमध्ये ती मला ऐकू येत नाही.

डिस्कच्या वीजपुरवठ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मोठं कॅबिनेट घेणारे इथेच काटकसर करतात. मोठी डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. आठ एकदम सुरू झाल्या की काही क्षण १६ अँपिअर. चांगल्या एसएमपीएसला ते जड नाही, पण तो सगळा भार एकाच केबलवर टाकू नका. मी चार-चार डिस्कना स्वतंत्र केबल दिली आहे. कनेक्टर कमी पडले तर साच्यात ओतलेले स्वस्त मोलेक्स-ते-साटा अडॅप्टर (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून डिस्कला वीज देणारे) वापरू नका, ते वितळतात, पेटतात. आणि जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नका. डिस्ककडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. १२ व्होल्ट भलत्या तारेत गेले तर सगळ्या डिस्क एका फटक्यात जातात.

हवेचं काय? दार बंद असलं की हवा कडेच्या फटींतूनच आत येते, त्यामुळे जाळीच्या कॅबिनेटएवढा गारवा इथे मागू नये. शांतता हवी तर हा सौदा करावाच लागतो. सोबत १४० मिलिमीटरचे तीन पंखे येतात, हजार आरपीएमचे. मी पुढे तसाच आणखी एक लावला आणि डिस्कचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास राहतं, जे डिस्कच्या प्रकृतीला मानवतं. पंखे जोडायला मागच्या बाजूला नऊ जागांचा हब आहे. त्याला वीज एसएमपीएसकडून मिळते, मदरबोर्डच्या एका हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) भार येत नाही. वरच्या झाकणाचे दोन प्रकार पेटीतच मिळतात, एक बंद आणि एक फिल्टरसह जाळीचा. लांबलचक रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करण्याचं काम) लावायचं असलं की मी जाळीचं लावते, रेकॉर्डिंगच्या काळात बंद. बदलायला क्षणभर पुरतो. खालचा फिल्टर पुढून ओढून निघतो, म्हणजे धूळ झटकायला एवढं जड मशीन भिंतीपासून हलवावं लागत नाही.

ज्यांच्याकडे दोन एम डॉट टू ड्राइव्ह (थेट मदरबोर्डवर बसणारे छोटे एसएसडी) आणि एक कार्ड एवढंच आहे त्यांनी हे घेऊ नये. याच घराण्यातलं साधं डिफाइन ७ त्यांना पुरून उरेल आणि टेबलाखाली पायही पसरता येतील. दिवे आणि काच ज्यांना आवडते त्यांच्यासाठीही हे नाही.

घेणार असाल तर एक बाब खरेदीआधी पक्की करा. जागा १८ डिस्कची आहे, पण पेटीत डिस्कचे ट्रे सहाच येतात, आणि वर दोन बहुउपयोगी ब्रॅकेट, ज्यांवर एकेक डिस्क बसते. म्हणजे पहिल्या आठ डिस्क निभावतात. पुढच्यांसाठी ट्रे दोन-दोनच्या जोडीत वेगळे घ्यावे लागतात, तेही टाइप-बी लिहिलेलेच, कारण जुन्या डिफाइनचे ट्रे यात बसत नाहीत. मी कॅबिनेटसोबतच दोन जोड्या मागवून ठेवल्या आहेत.